बयान्यासाठी बुडालो

माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही, हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं असतं तर मी जरा विचार केला असता. हर्षदीप सरकारी ऑफिसात बाबू आहे. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' एवढं एक खोटं तो रोज न चुकता बोलतो, तेही पगार मिळतो म्हणून. घरच्या माणसांपुढे मात्र त्याचे कान लाल होतात, मान खाली जाते आणि समोरचा न विचारताच सगळं समजून घेतो.

म्हणून घरासाठी पैसे जमवायचं ठरलं, तेव्हा मी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं.

"तुमी तोंडातून एक शब्द काढू नका. फक्त गरीब दिसा."

"मंग आता कसा दिसतो मी?"

"आता तुमी हातउसने देणाऱ्या माणसासारखे दिसता."

यात माझा काही दुष्टपणा नव्हता. बेला गावाकडच्या आमच्या खेड्यात हर्षदीप हा खानदानातला पहिला पगारदार. त्याचा पगार कोणत्या तारखेला होतो हे त्याला एखाद्या वेळी आठवत नसेल, पण गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या दिवशी सकाळपासून फोन सुरू व्हायचे. आधी जयभीम, मग तब्येतीची चौकशी, मग आदिलाबादेत ऊन किती आहे याची चौकशी, आणि सगळ्यांत शेवटी मुद्दा. फकिराकाकांनी बैलजोडीला पैसे कमी पडले म्हणून चाळीस हजार नेले. फकिराकाका म्हणजे माझे चुलतसासरे, बैलांच्या बाजारात दलाली करतात. हर्षदीपचा आतेभाऊ पंकज मोबाईल रिपेअरिंगचं दुकान टाकायला तीस हजार घेऊन गेला. दुकान टाकलं, चाललंही. पैशांचं नाव नाही. हर्षदीपला परत मागायची लाज वाटायची, आणि त्यांना परत द्यायची आठवण राहायची नाही, असा दोन्ही बाजूंनी मोठा समजूतदारपणा होता.

आणि आम्ही राहत होतो किरायाच्या दोन खोल्यांत. घरमालकीण वर राहायची. पाण्याची मोटार तिच्या मर्जीनं, गेटला कुलूप तिच्या झोपेनं, आणि भिंतीत खिळा ठोकायचा नाही हा तिचा कायदा. बाबासाहेबांची फ्रेम आम्ही फ्रिजवर टेकवून ठेवली होती. फ्रिज सुरू झाला की फ्रेम थरथरायची. दुसरं घर शोधायला निघालं की लोक आधी चहा विचारायचे, मग आडनाव. आडनाव सांगितलं की चहा यायचा, पण घर कालच दुसऱ्याला दिलेलं असायचं. आदिलाबादेत इतकी घरं 'कालच' जातात, तर आज रिकामी कशी दिसतात, हा प्रश्न मी एकाला तोंडावर विचारला होता. त्यानं चहाचा कप उचलून आत नेला. माझा कप अजून अर्धा होता.

विकायचं घर असलं की आडनाव कोणी विचारत नाही, फक्त रक्कम विचारतात. हे मला यशवंतरावांकडे गेल्यावर कळलं. यशवंतराव किराणा दुकानदार. मुलगा हैदराबादेत, म्हणून इथलं जुनं घर विकून तिकडं जायचं त्यांनी ठरवलं होतं. बत्तीस लाख म्हणाले. बँकेनं सांगितलं, सहा लाख तुमच्या पदरचे द्या, वरचं आम्ही पाहतो. यशवंतरावांनी ते सहा लाख बयाना म्हणून मागितले, म्हणजे सौदा पक्का करायला आधी हातात. मुदत एप्रिलअखेर. त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं ते दर भेटीत सांगायचे. ते गिऱ्हाईक खरं होतं की नाही देव जाणे, पण मला ते रात्री स्वप्नात दिसायचं.

मग आम्ही गरीब झालो. मनापासून झालो. हर्षदीपनं मोटरसायकल विकली आणि सायकलवर ऑफिसात जाऊ लागला. कोणी विचारलं तर डॉक्टरनं सांगितलं म्हणायचं, एवढं एक वाक्य मी त्याच्याकडून घोटून घेतलं होतं. मी जैनथच्या शाळेत शिकवते; तिथं जायला शेअर ऑटो सोडून बस धरली, कारण तेलंगणात बाईला बस फुकट. घरी भाजी एक वेळ, दुसऱ्या वेळी नुसतं पातळ वरण. लग्नांची निमंत्रणं आली की हर्षदीपला ताप यायचा. आणि माझी सोन्याची पोत मी सराफाकडे देऊन आले. गळ्यात बेंटेक्सची घातली. ती दुकानात इतकी लखलखत होती की खरीपेक्षा हीच बरी, असं मी स्वतःला समजावलं. घरी येऊन मोरीत रडून घेतलं ते वेगळं.

एवढं करून एप्रिल उजाडला तेव्हा साडेचार लाख झाले होते. दीड लाख कमी.

चौदा तारखेला जयंतीला गावी जाणं भाग होतं. तिथं ताप येऊन चालत नाही. मी मागच्या वर्षीचीच पांढरी साडी इस्त्री करून नेसले. मिरवणूक निघाली, ऊन मी म्हणत होतं, डीजेपुढे बायका नाचत होत्या, मीही नाचले. पोत विसरले. घाम मात्र विसरला नाही. विहारापाशी सरबत घ्यायला थांबलो तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे चंपाबाईंनी, माझ्या गळ्याकडे पाहिलं. तिथं पितळेचा गोल हिरवा पट्टा उमटला होता.

त्यांनी माझा पदर ओढून तो पट्टा झाकला. चंपाबाई बोलत नाहीत तेव्हा घाबरायचं असतं.

तिकडं अंगणात हर्षदीप बाजेवर बसून मोबाईलवर कर्जाचे हप्ते मोजत होता. हा त्याचा नवा चाळा. रक्कम टाकायची, वर्षं टाकायची, हप्ता पाहायचा, हाय हाय करायचं, परत रक्कम टाकायची. पंकज त्याच्या मागून गेला तेव्हा हा कपाळाला हात लावून पुटपुटत होता, "अजून दीड लाख. कुठून आणू दीड लाख?"

पंकजनं विचारलं, "काय खेळून राह्यला रे दादा?"

हर्षदीपनं घाईघाईनं मोबाईल खिशात टाकला. "काई नाई, काई नाई." कान लालभडक.

आता तुम्हीच सांगा. मोटरसायकल विकलेली. बायकोची पोत गेलेली, तिथं पितळ आलेलं. माणूस लग्नाकार्याला फिरकत नाही, दिवसभर मोबाईलमध्ये, आणि दीड लाखासाठी कपाळ बडवतो आहे. गावानं बेरीज केली, आणि गावाची बेरीज अशा वेळी फार लवकर होते. आम्ही आदिलाबादेला परत पोचायच्या आत बेल्यापर्यंत बातमी गेली होती, की दौलतचा हर्षदीप मोबाईलवर पत्ते खेळून बुडाला.

आम्हाला पत्ता नाही. पुढच्या रविवारी सकाळी दार वाजलं. उघडलं तर बाहेर सासूबाई, सासरे दौलतबाबा, फकिराकाका आणि पंकज. चौघांचेही चेहरे मयतीला आल्यासारखे. मी जयभीम केला, त्यांनी नुसतेच हात जोडले. चपला काढून ओळीनं आत आले, आणि सासूबाईंनी पाणीही न पिता हर्षदीपपुढे हात केला.

"दे."

"काय, माय?"

"मोबाईल दे."

त्यानं दिला. आईनं मागितलं की तो देतो, कारण विचारत नाही. सासूबाईंनी मोबाईल पदराच्या टोकात गुंडाळून गाठ मारली, मग मन बदललं, गाठ सोडली, स्वयंपाकघरात गेल्या आणि मोबाईल ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खोल दाबला. झाकण लावून डब्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"लेकरा," त्या म्हणाल्या, "काऊन केलं रे असं? आमी मेलो होतो काय?"

हर्षदीपनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. मला खरंच काही कळेना. पण त्याचे कान लाल झाले होते, आणि चौघांनी ते पाहिले, आणि चौघांनी एकदम उसासा टाकला.

"जाऊ द्या वहिनी, रागावू नका त्याले," फकिराकाका म्हणाले. "व्यसन हाय ते. त्या गेमवाल्यायनं मोठे मोठे बुडवले." आणि त्यांनी बंडीच्या आतून पिशवी काढली. "हे तुहे चाळीस हजार. बैलाचे. मी द्याचेच म्हणत होतो."

पंकजनं तीस हजार ठेवले. मान वर न करता म्हणाला, "दुकानातले आकडे जुळवून आणले, दादा. माफ कर, लय उशीर झाला."

पलंगावर सत्तर हजार. मी शिक्षिका आहे, बेरीज मनात आपोआप होते. आणि मग मला सगळं लख्ख कळलं. ही माणसं आम्हाला वाचवायला आली होती. आम्ही बुडालो, असं त्यांना कोणी सांगितलं होतं, आणि ते सांगणारे आम्हीच होतो, वर्षभर, सायकलवरून आणि पितळ घालून.

त्याच क्षणी खरं बोलायला हवं होतं. हर्षदीपनं तोंड उघडलंही. मी डोळे वटारले. त्यानं मिटलं. काय करू, पैसे समोर होते, आणि ते आमचेच होते!

मग सासूबाईंनी कमरेची पिशवी काढली. हातातच धरून ठेवली, खाली ठेवली नाही.

"ऐंशी हजार हायेत," त्या म्हणाल्या. "बकऱ्या इकल्या. समद्या."

"माय, समद्या?" हर्षदीपचा आवाज फाटला.

"तुह्यापेक्षा जास्त हाय काय बकऱ्या? ती कबरी मात्र जाऊन नाई राह्यली होती. दोन डाव दावं तोडून घरी आली. तिसऱ्या डावाले मीच नेऊन दिली." त्यांनी नाक पुसलं. "यातून तुहं देणं फेड. अन् मोबाईलले हात लावशीन तं माहं मेलेलं तोंड पाहाशीन."

सत्तर आणि ऐंशी, दीड लाख. अगदी बरोबर दीड लाख. आणि मला त्या पिशवीकडे पाहवेना. ती कबरी शेळी मला ठाऊक होती. माझ्या आजारपणात सासूबाई तिचं दूध उकळून पाजायच्या. माझ्या तोंडून 'आई' एवढंच निघालं, आणि बाहेर स्कूटर थांबली.

"हर्षदीपराव आहेत काय?" यशवंतराव दारातून आतच आले. दुकानदार माणूस, गर्दी दिसली की खूश होतो. "अरे वा, समदे जमले! बरं झालं. घराच्या बयान्याचं काय करता मग? महिना संपून राह्यला. ते दुसरं गिऱ्हाईक माह्या मागं लागलंय."

तेवढ्यात फ्रिज सुरू झाला आणि वरची फ्रेम थरथरली.

"कायच्या घराचा?" सासूबाईंनी विचारलं.

यशवंतरावांनी सगळं सांगितलं. बत्तीस लाख, सहाचा बयाना, बँकेचं कर्ज, मी घर पाहायला किती वेळा आले आणि दर वेळी नळ कसे उघडून पाहिले. ते सांगत होते, आणि माझा नवरा इंचाइंचानं पलंगाच्या कोपऱ्याकडे सरकत होता.

सगळ्यांत आधी दौलतबाबा बोलले. ते दिवसभरात दहा शब्द बोलतात.

"म्हंजे पोरगं बुडालं नाई?"

"नाई बाबा," हर्षदीप म्हणाला. "पैसे जमवून राह्यलो होतो."

बाबांनी टोपी काढली, तोंडावर धरली आणि तिच्यामागे हसू लागले. निदान मला ते हसणं वाटलं. खांदे बराच वेळ हलत राहिले, तेव्हा कळलं की ते निव्वळ हसणं नव्हतं. पंकज मात्र मोकळेपणानं हसला. फकिराकाकांचा हात आपल्या पिशवीकडे गेला, तिथं थोडा घुटमळला, आणि परत आला. बैल तर घेतले होते. पैसे खरोखरच द्यायचे होते. आता काय तोंडानं उचलायचे?

सासूबाईंनी मात्र आपली पिशवी परत कमरेला खोचली.

"आमच्यापासून लपवलं," त्या म्हणाल्या.

"माय, सांगतलं असतं तं समद्यायनं मागतले असते."

"मागतले असते. अन् तू दिले असते. मंग?" त्यांनी पलंगावरच्या पैशांकडे हात केला. "हे आले ना वापस? कोनं आणले? घरोघर जाऊन कोन भांडलं? तू सांगतलं असतं तं मी पारसालीच आणले असते."

हर्षदीपनं मान खाली घातली. मला वर्षभराचं पातळ वरण आठवलं.

"चाल," त्या म्हणाल्या. "घर दाखव."

आम्ही सगळे निघालो. हर्षदीपचा मोबाईल पिठातच राहिला, काढायची हिंमत कोणाची? घर दोन गल्ल्यांपलीकडे होतं. फकिराकाकांनी ते आधी बाहेरून पाहिलं, दोन्ही बाजूंनी फिरून, मग भिंतीवर थाप मारली, मग वाकून पायथा पाहिला.

"मागून जरासं बसलंय," ते म्हणाले.

"घर आहे ते, बैल नाही," यशवंतराव म्हणाले.

"वय किती?"

"अठरा वर्षं."

"दात दाखवा म्हणत नाई मी. पण सौदा सौद्यासारखा होऊ द्या." काकांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून यशवंतरावांच्या उजव्या हातावर टाकला, आणि त्याखाली स्वतःचा हात घातला. बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दुपट्ट्याखाली बोटं दाबून सांगतात, म्हणजे भोवतालच्यांना कळू नये. यशवंतरावांच्या वडिलांचा कापसाचा धंदा होता, त्यांना ही बोलणी ठाऊक. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत पाहत उभे राहिले. दुपट्टा हलत होता. यशवंतरावांनी मान नाही म्हणून हलवली, काकांनी हात सोडला नाही. परत दुपट्टा हलला. घराचा बाजार असा होतो हे बँकेच्या मॅनेजरनं पाहिलं असतं तर आमचं कर्ज त्यानं तिथंच नाकारलं असतं.

"झालं," शेवटी काका म्हणाले. "तीस हजार कमी. पंखे अन् पाण्याची मोटार इथंच राहीन."

यशवंतराव हात चोळत हसले. "फार दिवसांनी असा सौदा केला बुवा."

मी आनंदानं उडीच मारणार होते. पण सासूबाई आमच्यात नव्हत्या. त्या आतून घर पाहत होत्या. मी मागं गेले. त्यांनी नळ उघडून पाहिला नाही, ओटा पाहिला नाही, खिडकीही पाहिली नाही. हॉल, आमची झोपायची खोली, स्वयंपाकघर, छोटी खोली, असं एकदा फिरून त्या मधल्या दारात उभ्या राहिल्या.

"आमी आलो तं कुठं निजाचं?"

"हालमधे, माय," हर्षदीप मागून म्हणाला. "केवढा मोठा हाल हाय, पाह्य ना."

"हालमधे पावने निजतेत," त्या म्हणाल्या.

रागानं नाही म्हणाल्या. मुलाला माहीत नसलेली एक साधी गोष्ट सांगावी, तशा म्हणाल्या. ते मला जास्त लागलं. इतके महिने मी हे घर मनात लावत होते. सोफा कुठं, कपाट कुठं, छोट्या खोलीत खिडकीपाशी माझं टेबल, त्यावर शाळेच्या वह्या आणि दार लावून एकटीला मिळणारा तासभर. कपबशांचीसुद्धा जागा ठरली होती. त्या सगळ्या मांडामांडीत या दोन म्हाताऱ्या माणसांसाठी मी एक गोधडी कुठं अंथरली नव्हती. आडनाव ऐकून घर नाकारणाऱ्यांवर मी वर्षभर जळत होते, आणि माझ्या घरात यांना जागा नव्हती. मला माझी लाज वाटली. टेबलाचंही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू!

"छोटी खोली तुमची, आई," मी म्हणाले.

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग छोट्या खोलीत गेल्या, मधोमध बसल्या, आणि बघता बघता उघड्या फरशीवर चक्क आडव्या झाल्या. उजव्या कुशीवर झाल्या, डाव्या कुशीवर झाल्या, मग उताण्या पडून वर पंख्याकडे पाहिलं.

"अहो," त्यांनी हाक मारली, "या ना. पाहा, पुरते काय."

दौलतबाबा यशवंतरावांकडे बघून लाजले. पण टोपी काढून खिडकीत ठेवली आणि त्यांच्या शेजारी, एक हात अंतर सोडून, आडवे झाले. पाय लांब केले. भिंतीला लागले नाहीत.

"पुरते," ते म्हणाले.

सासूबाईंनी निजल्या निजल्याच कमरेची पिशवी सोडली आणि माझ्या दिशेनं हात वर केला.

"घे व पोरी. दे त्याले बयाना," त्या म्हणाल्या. "मंग उठीन मी."